मुक्काम पवनी, भुजलीस मिळो

आमच्या सासूबाईंचं नाव शकुनबाई आहे, हे मला त्यांच्या घरात दोन वर्षं काढल्यावर कळलं, तेही मतदानाच्या दिवशी. शाळेच्या खोलीतल्या कारकुनाने नाव पुकारलं आणि रांगेतल्या कोणालाच ते आपलं वाटेना. सासूबाई माझ्या पुढेच उभ्या होत्या. ही कोण शकुनबाई म्हणून त्याही मागे वळून पाहत होत्या. शेवटी सासऱ्यांनी पुरुषांच्या रांगेतून हातवारे केले, तेव्हा कुठे लोकशाहीचं काम पुढे सरकलं.

त्याआधी आणि त्यानंतरही आंबागडात त्या फक्त बाबूलालची माय होत्या. बाबूलाल म्हणजे आमचे हे. (लिहायला नाव चालतं, तोंडाने मी अजूनही घेत नाही.) सासरे, भैय्याजी, त्यांना 'ऐकलं का' अशी हाक मारत. सासूबाई गावातलं सगळं ऐकत, फक्त सासऱ्यांचं सोडून.

गाव त्यांना घाबरत होतं असं मी म्हणणार नाही. त्या धुणं घेऊन तलावावर आल्या की बाकीच्या बायकांचं धुणं लवकर आटपायचं, एवढंच. धानाच्या रोवणीला बायका लावल्या की बांधावर उभं राहून कोणाची ओळ वाकडी गेली ते त्या मोठ्याने सांगत आणि वाकडेपणाचा संबंध त्या बाईच्या माहेराशी जोडत.

मी भंडाऱ्याची. मॅट्रिकला दोनदा बसले, म्हणजे एकदाच बसून पास झालेल्यांपेक्षा माझा अभ्यास दुप्पट झालेला. शिकलेली सून म्हणून घरात मला मान होता. सगळ्यांच्या आधी उठायचा मान माझा, सगळ्यांच्या शेवटी जेवायचाही माझाच. चहा चुलीजवळ उभ्याने घ्यायचा. सून बसून चहा प्यायली तर घराचं नेमकं काय होतं ते कोणी पाहिलेलं नव्हतं, पण काहीतरी वाईट होतं याबद्दल एकमत होतं.

अशा या आमच्या सासूबाईंना जगात एक मैत्रीण होती, आणि ती हरवली होती.

मैत्रीण हा माझा शब्द. आमच्याकडे त्याला भुजली म्हणतात. श्रावणात मुली टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि अंधारात ठेवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोंब वाजतगाजत तलावात सोडतात. त्यातले दोनचार कोंब ज्या दोघी एकमेकींच्या कानावर खोचतील, त्या जन्माच्या भुजल्या. नातं सख्ख्या बहिणीच्या वरचं. अट एकच, त्या क्षणापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. भांडणात नाही, मेल्यावरही नाही. हाक मारायची ती 'भुजली' अशीच. ज्याने कोणी ही अट काढली त्याने पोस्टखात्याचा विचार केलेला नव्हता.

सासूबाईंचं माहेर मोहाडीकडचं. तिथे परकरी वयात त्यांनी भुजली केली. मग एकीला उत्तरेला आंबागडात दिली, दुसरीला दक्षिणेला पवनीकडे कुठेतरी. सासूबाईंना भाऊ नव्हता, आईबाप गेले, माहेर बंद झालं. भुजलीच्या घरचे गाव सोडून गेले. एकाच जिल्ह्यात राहून तीस वर्षं भेट नाही. लोक विलायतेला जाऊन परत येतात, पण आमच्याकडे तुमसर, भंडारा आणि पवनी अशा तीन एस.टी. बदलणं बाईमाणसाच्या आवाक्यातलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली पवनीचा एक लुगडेवाला, जागेश्वर, आमच्या ओसरीवर गाठोडं सोडून बसला. बोलता बोलता म्हणाला की पवनीत वासुदेवराव किराणावाल्यांची बायको मोहाडीकडचीच आहे, आणि माझी भुजली झाडीत, म्हणजे तुमच्या या जंगलाकडच्या मुलुखात, दिली म्हणून सारखी हळहळत असते. सासूबाईंच्या हातातलं लुगडं खाली पडलं. लुगडं न घेता त्यांनी जागेश्वरला दोन वेळा चहा दिला, यावरून प्रसंगाचं गांभीर्य समजावं.

मी दाराआडून सुचवलं की त्या बाईचं नाव विचारा, म्हणजे खात्री होईल. जागेश्वरला नाव माहीत नव्हतं. किराणावालीला कोण कशाला नाव विचारतो? आणि सासूबाईंनी तर नाव सांगणं शक्यच नव्हतं. शिवाय लग्नात सासरच्यांनी नाव बदललेलं असणार. म्हणजे जे नाव घ्यायचं नव्हतं ते उरलेलंही नव्हतं. मोहाडीची बाई, पवनीत दिलेली, भुजली झाडीत. यापेक्षा जास्त पुरावा त्यांना लागला नाही.

पत्र लिहायला केवळराम गुरुजींना बोलावलं. सूनबाईला लिहिता येत होतं, पण पत्रात सूनबाईविषयी बरंच सांगायचं असल्यामुळे ती सोय नव्हती. गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. आयुष्यभर त्यांनी पोरांना बाराखडी शिकवली आणि आपल्या अंगात यापेक्षा फार मोठी भाषा आहे, हे दुःख मनात ठेवलं. त्यांनी आधी नावाचा प्रयत्न करून पाहिला. "गोदावरी? आनंदा? सुलोचना?" अशी एकेक नावं ते घेत गेले आणि सासूबाई ओठ घट्ट मिटून भिंतीकडे पाहत राहिल्या. मान हलवली तरी नाव घेतल्यासारखंच. शेवटी पाकिटावर लिहिलं गेलं: वासुदेवराव किराणावाले यांचे घरी, भुजलीस मिळो, मु. पो. पवनी.

मग सासूबाई सांगू लागल्या. "लिवा. भुजली, आठवते का, तुह्या पायाले इंचू चावला, वैद्य गावात नोयता, तवा मीच त्याच्यावर मुतली होती."

गुरुजींनी पेन थांबवलं, खाकरले, आणि लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवलं: "प्रिय सखी, बालपणीच्या त्या संकटसमयी आपल्या स्नेहाची जी अमृतधारा वाहिली, तिचे स्मरण होऊन अंतःकरण सद्गदित होते." सासूबाईंनी विचारलं की इंचू कुठं आला. गुरुजी म्हणाले, संकटसमयी मध्ये आला. सासूबाईंना पटलं. मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून बसले होते.

उत्तर आलं. तिकडेही वासुदेवरावांच्या दुकानातला मुनीम गुरुजींच्याच जातकुळीचा निघाला. "आपले कृपापत्र पावून मनमयूर नाचू लागला" अशी सुरुवात होती. गुरुजींनी ते वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ईर्ष्या दिसली. तिथून पुढे पाच वर्षं गुरुजी आणि मुनीम यांचा सामना चालला. इकडून चंद्र गेला की तिकडून चकोर यायचा. दोन म्हाताऱ्या मधल्या मध्ये आपापलं पत्र छातीशी धरून रडायच्या. पत्रात गाव नव्हतं, तलाव नव्हता, इंचू नव्हता, कोणाचं नाव नव्हतं. ते पत्र जिल्ह्यातल्या कोणत्याही भुजलीने कोणत्याही भुजलीला पाठवावं असं होतं.

फक्त माझ्याविषयी लिहिताना भाषा साधी व्हायची. सून उशिरा उठते, भाजीत तेल ओतते, शिकलेली असल्याने ऐकत नाही. तिथे गुरुजींनाही अमृतधारा सुचत नसे.

आणि इथे मात्र चमत्कार झाला. पवनीहून सल्ले येऊ लागले. एका पत्रात मुनिमाने लिहिलं, 'स्नुषा ही गृहाची लक्ष्मी असून तिला वर्षातून एकदा पितृगृही पाठवावे.' आठ दिवसांनी सासूबाई मला म्हणाल्या की दिवाळीला भंडाऱ्याला जाऊन ये. लग्नानंतर पहिल्यांदा. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "भुजलीनं लिवलं."

मग एकदा लिहून आलं की सुनेला बसून चहा पिऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्यापुढे पाट सरकवला आणि स्वतः तोंड फिरवून बसल्या, अपघात पाहायला नको म्हणून. मी बसून चहा प्यायले. घर पडलं नाही. पवनीच्या त्या बाईचा फोटो मिळाला असता तर मी देवांच्या रांगेत लावला असता.

एकोणऐंशीत गुरुजी त्यांच्या मुलाकडे जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले, आणि नाइलाजाने पेन माझ्या हातात आलं. मी साधंच लिहायचं ठरवलं. पहिल्याच पत्राला बसलो तेव्हा मी विचारलं, आत्याबाई, तो विंचू घालू का, गुरुजींनी सोडला होता तो. त्या म्हणाल्या, नको, जुनं कायले उगाळते. मला नवल वाटलं. पाच वर्षांपूर्वी विंचवापासून सुरुवात करणारी बाई आता जुन्याचं नावही घेईना. धान किती झालं, म्हैस व्याली, सून कशी वागते, एवढंच.

आंबागडात सून पत्र लिहिते म्हटल्यावर पवनीत सुनेच्या हातात पेन गेलं. तुमची लिहिते तर आमची का नाही. तिचं नाव उषा. तीही साधं लिहायची. आणि तिसऱ्या की चौथ्या पत्रात ती ओळ आली: 'आमच्या गावच्या नदीत आम्ही भुजल्या सोडत होतो, त्या नदीला यंदा मोठा पूर आला म्हणतात.'

मी वाचता वाचता थांबले. सासूबाईंच्या माहेरचं गाव मी एका लग्नाला गेले तेव्हा पाहिलं होतं. तिथे एक तलाव आहे आणि दोन बोड्या, म्हणजे लहान तळी. नदी त्या गावाने पाहिलेली नाही.

"काहून थांबली वं?"

मी म्हटलं, आत्याबाई, तुमच्या गावाला नदी नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा बघण्यानंतर एरवी माझ्या माहेराचा उद्धार होत असे. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "असंल नदी. जे लिवलं ते वाच."

तेव्हा मला सगळं कळलं. ही त्यांची भुजली नव्हती. ही दुसऱ्याच कोणाची तरी भुजली होती, आणि सासूबाईंना ते ठाऊक होतं. कधीपासून ते मी विचारलं नाही. त्या बाईला सबंध आंबागडात कोणाजवळ मन मोकळं करता आलं नव्हतं. नवऱ्याशी बोलायचं ते बैल, पाणी आणि मीठ याविषयी. तीस वर्षं तोंडात साठलेलं पहिल्यांदा कोणीतरी ऐकत होतं आणि उलटून उत्तर देत होतं. कोणी एकाने 'आपण त्या नव्हेच' एवढं म्हटलं की ते संपणार होतं. मी पुढचं वाचलं. मला माझ्या पाटाचीही काळजी होतीच.

असं ते मजेत चाललं असतं. पण एक्याऐंशीच्या आषाढात पत्र आलं की या राखीला मी आंबागडला येतो. (आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात.)

सासूबाईंनी दोन दिवस कोणाला टोमणा मारला नाही. सासरे घाबरून मला म्हणाले, वैद्याला बोलावू का? तिसऱ्या दिवशी त्यांनी मला लिहायला सांगितलं की गावात गोवर आली आहे, येऊ नको. उत्तर आलं, गोवर मला लहानपणीच निघून गेली, येतो. मग आमचा रस्ता वाहून गेला. उत्तर आलं, बैलगाडी पाठव. ही बाई पत्रातून सासूबाईंच्या वरचढ निघत होती, आणि एरवी मला त्याचा किती आनंद झाला असता. पण मी त्यांना पोतेरं हातात घेऊन तीच भिंत तिसऱ्यांदा सारवताना पाहिलं, आणि मला वाईट वाटलं. सरळ सांगायचं तर फार वाईट वाटलं.

राखीच्या दिवशी दुपारी गाडी दारात आली. पवनीची बाई ठेंगणी, गोल, चष्मेवाली. आमच्या सासूबाई उंच, काटकुळ्या. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. मी तांब्या धरून दारात उभी होते.

"एस.टी.त जागा भेटली का?" सासूबाई म्हणाल्या.

"तुमसरपर्यंत उभीच होतो," ती म्हणाली.

आणि दोघी ओसरीवर बसल्या. त्या दिवशी त्यांनी एस.टी.चा कंडक्टर, पवनीतले तांदळाचे भाव आणि गुडघेदुखी या तीन विषयांवर रात्रीपर्यंत चर्चा केली. लहानपणाचा एक शब्द नाही. इतक्या सावधपणे तर वकीलही बोलत नाहीत.

आत स्वयंपाकघरात सासूबरोबर आलेल्या उषाची आणि माझी ओळख झाली. मी तिला चहा दिला तर ती चुलीजवळ उभी राहून पिऊ लागली. मी म्हटलं, अगं, बस, तुझ्याच सासूच्या कृपेने या घरात सुना बसून चहा पितात. उषाने कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली की मुनिमानंतर असले सल्ले तिने स्वतःच्या हाताने लिहिलेत, पण त्यांच्या घरी अजून तसं काही नाही. माहेरी जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. सल्ला द्यायला किराणावालीचं काही जात नव्हतं. दुकानातला माल दुकानदार घरी थोडाच वापरतो! मी पाट सरकवला आणि दार लोटून घेतलं. उषा बसून चहा प्यायली. त्यांचंही घर पडलं नसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गावातल्या पोरी भुजल्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून तलावाकडे निघाल्या. ओसरीवरच्या दोघी बोलता बोलता गप्प झाल्या. मग पवनीच्या बाईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"माही भुजली मेली," ती म्हणाली. "तुही पयली चिठ्ठी आली, त्याच्या दोन वर्स आधीच."

मी दारात ऐकत होते.

"मलेबी पयल्याच चिठ्ठीत समजलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "माही असती तर तीस वर्स कुठं मेली होती म्हणून पयले दहा शिव्या दिल्या असत्या. माही भुजली येवढी गोड बोलणारी नोयती."

पवनीची बाई हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं, "मंग उत्तर काहून देल्लं?"

तिने चष्म्याच्या काचा पदराने पुसल्या. मग म्हणाली, "पाकिटावर भुजली लिवलं होतं. मले त्या नावानं हाक माराले कोणी उरलं नोयतं."

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी त्यांना रडताना पत्रावर पाहिलं होतं, माणसासमोर कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "माही कुठं आहे, आहे का नाही, मले मालूम नाही. तिलेबी कोणाची चुकून चिठ्ठी गेली असंल तर बरं होईल."

आता दोघी उठतील, गाडी जुंपायला सांगतील असं मला वाटलं. खोटं उघडं पडल्यावर आणखी काय राहतं? पण सासूबाईंनी मलाच हाक मारली आणि पाटलाच्या पोरीकडून चार कोंब मागून आणायला पिटाळलं. मी चपला न घालता तलावाच्या वाटेने पळाले. परत आले तेव्हा दोघी ओसरीवर समोरासमोर मांडी घालून बसल्या होत्या. नऊ वर्षांच्या पोरी बसतात तशा. सासरे अंगणात दोर वळत होते आणि काही न दिसल्यासारखं करत होते.

मी कोंब दिले. पवनीच्या बाईने ते उचलले आणि सासूबाईंच्या कानाकडे हात नेला. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. पयले नाव सांग. खोचल्यावर मंग घेता येनार नाही."

ती वाकली आणि सासूबाईंच्या कानात काहीतरी म्हणाली. मला ते ऐकू आलं नाही, आणि मला ते आजही माहीत नाही. सासूबाईंनी ते नाव एकदा हळूच उच्चारून पाहिलं. मग त्यांची पाळी आली. त्यांनी तोंड उघडलं आणि क्षणभर अडखळल्या, मतदानाच्या रांगेत गोंधळल्या होत्या तशाच.

"शकुन," त्या म्हणाल्या.

"शकुन," पवनीची बाई मोठ्याने म्हणाली. तिने त्यांना हाक मारली होती.

"ओ," सासूबाई म्हणाल्या.

अंगणात सासऱ्यांचा दोर वळायचा थांबला. त्या घरात मी अकरा वर्षं होते, त्यांनी तिथे चाळीस काढली होती, आणि त्या नावाने तिथे कोणी त्यांना हाक मारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"अजून एक डाव म्हन," सासूबाई म्हणाल्या.

तिने अजून एकदा म्हटलं. मग दोघींनी एकमेकींच्या कानावर कोंब खोचले, आणि ते नाव पुन्हा बंद झालं.